पुराचा गाळ काढावा की मिसळावा?

प्रश्न : कृष्णेच्या पुरानंतर आमच्या मळईच्या (नदीकाठच्या गाळाच्या) रानात पाच-सहा इंच गाळ बसलाय. वर तडे गेलेत. काढून टाकावा की नांगरून मिसळावा? (एक वाचक, मिरज तालुका)

उत्तर : आधी गाळ कोणता ते बघा. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा गाळ घालून पाणी भरा, जोरात हलवून ठेवून द्या. मिनिटभरात तळाला बसते ती वाळू, दोनेक तासांत बसतो तो पोयटा, दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते ती चिकणमाती. काठ ओलांडताना पाण्याचा जोर मोडतो, म्हणून जाड कण तिथेच पडतात. चिकण मागच्या सखल रानात जाऊन बसते.

पोयटा असेल तर घमेलंभरही काढू नका. वांगी, हरभरा, भाजीपाला, काहीही घ्या. चिकणमातीचा थर मात्र पापुद्रा धरतो, खालच्या मुळांना हवा मिळत नाही. तडे दिसले म्हणून रान वाळलं असं नव्हे. वीतभर खालची माती मुठीत दाबा. झालेला गोळा बोटाच्या दाबानं सहज फुटला की वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आली. त्याआधी ट्रॅक्टर घातलात तर वर ढेकळं आणि खाली घट्ट थर. नुसता कुळव (वरवर माती मोकळी करणारं अवजार) फिरवूनही पुरत नाही, दोन मातींच्या सांध्यावर पाणी अडतं. नांगर जुन्या मातीपर्यंत गेला पाहिजे.

गाळ म्हणजे आयतं खत, हे अर्धंच खरं. तुंबलेल्या रानातला नत्र झिरपून आणि हवेत उडून जातो. माती परीक्षण करून नत्राचे हप्ते ठरवा, जमल्यास हिरवळीचं खत म्हणून ताग पेरून फुलोऱ्याआधी मातीत गाडा.