सकाळचं भांडण, रात्रीचं मूळ

प्रश्न : मुलगा यंदा पाचवीत गेला. चौथीपर्यंत शाळा नऊनंतर भरायची, आता सातला. रिक्षावाले काका साडेसहाला हॉर्न वाजवतात आणि हा अंथरुणातच. हाका मारून माझा घसा बसतो. मग रडारड, दूध तसंच, एक मोजा पायात नि एक हातात. यांचं गावभागात औषधांचं दुकान, घरी यायला साडेदहा होतात. सासूबाई म्हणतात, ‘आम्ही पहाटे चारला उठायचो, तुमचे लाड नडतात.’ त्याला वळण कसं लावू?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, सासूबाई चारला उठत असतील, पण आठला निजतही असतील. ते सांगायचं नेमकं राहून जातं!

चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका, असं सरकारने २०२४ मध्ये सांगितलं. पाचवीला ती सवलत नाही. एका सुट्टीत लेकराची सकाळ दोन तास अलीकडे आली. या वयाला ९ ते १२ तास झोप लागते. पावणेसहाला उठायचं तर पावणेनऊला डोळा लागायला हवा.

तो झोपतो कधी, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. पण माझा अंदाज सांगते. स्कूटर वाजली की दार उघडायला तोच पळत असणार. मग बाबांच्या ताटाशी मांडी घालून शाळेच्या गप्पा, त्यांच्याच पापडाचा तुकडा. याला लाड कसले म्हणायचे? दिवसभरात बाप भेटतो तेवढाच. नुसतं ‘झोप’ म्हणून दटावलंत तर तो पांघरुणात जागा राहील.

म्हणून बाबांनाच सकाळी आणा. त्यांनी उठवायचं, त्यांनीच स्कूटरवरून शाळेत सोडायचं. रिक्षा येतानापुरती ठेवा. त्यांची झोपमोड होईल, होऊ दे.

निजायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पाव तास अलीकडे घ्या, एकदम नको. दुपारी जेवून पाचपर्यंत झोपत असेल तर अर्ध्या तासात उठवा. रविवारीही फार लोळू देऊ नका.

पुरेशी झोप होऊनही उठवत नसेल, किंवा तो रोज घोरत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.