आधी गुणगुण, मग माउस हातात घे

संगणकाच्या आवाजात मराठी गाणं गाऊन घ्यायचंय, तर सॉफ्टवेअर कुठलं घेऊ, हा तुझा प्रश्न जरा बाजूला ठेव. मुखडा आधी मोबाइलवर स्वतः गुणगुण. तुझा श्वास जिथे तुटतो तिथेच ओळ तोड. यंत्राला दम लागत नाही, म्हणून नवखे लोक त्याला सलग पळवतात आणि धाप ऐकणाऱ्याला लागते.

खरी गंमत उच्चारांत आहे. यामाहाचं व्होकलॉइड, म्हणजे आपण दिलेले शब्द आणि सूर गाऊन दाखवणारं सॉफ्टवेअर, २००४ मध्ये आलं, २००७ मध्ये त्यातला हात्सुने मिकू हा जपानी आवाज. तेव्हापासून हौशी लोक जपानी आवाजांकडून नाही नाही त्या भाषा गाऊन घेतायत. मराठीत पहिली अडचण 'ळ'ची. तो जपानीत नाहीच, 'र'वर भागवायचं. 'चांदणं'मधल्या 'च'साठी मात्र 'त्स' लावून बघ, बरंच जमतं. दुसरी अडचण 'घर'सारख्या शब्दांची. जपानी अक्षर स्वरावर किंवा 'न'वर संपतं, त्यामुळे 'घर'चं 'घरु' होतं. शेवटचा 'र' वेगळ्या नोटवर तोड, ती नोट होईल तेवढी आखूड कर आणि तिचा आवाज उतरव. मी एका ध्रुवपदातल्या 'पाऊस'वर अख्खा रविवार घालवलाय!

गाणं मागे पडतंय असं वाटलं तर ताल तपास: स्वर ठोक्यावर हवा, व्यंजन त्याच्या किंचित आधी.

सोबत स्वतःचा आवाज घेणार असशील तर पंखा बंद, मागे गोधडी, आणि रेकॉर्डिंगची लेव्हल उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस. कुकर लागलाय का, तेही विचारून घे. माझ्या पहिल्या गाण्याच्या अंतऱ्यात तीन शिट्ट्या आहेत.