पुण्यात नदीच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या स्वयंसेवकांना वन्यजीव दिसतात का? त्यांची भीती वाटते का?

मुठेच्या काठी विठ्ठलवाडीपासून संगमापर्यंतच्या पट्ट्यात मी स्वयंसेवक म्हणून पाण्याचे नमुने घेतो. वन्यजीव दिसतात, आणि माझ्या मते त्यांच्याकडे न पाहता केलेली पाण्याची तपासणी अपुरीच राहते.

मुख्य काम तापमान, सामू (पीएच), गढूळपणा आणि विरघळलेला प्राणवायू यांची नोंद ठेवण्याचे असते. प्राणवायूसाठी बाटली पाण्याखाली धरून, आत एकही बुडबुडा राहू न देता भरावी लागते, आणि नमुन्याची वेळ दर खेपेस तीच ठेवावी लागते. कारण शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, रात्री मात्र तेही इतर जीवांसारखे तो वापरते, त्यामुळे एकाच जागेचा पहाटेचा आणि दुपारचा आकडा पुष्कळ वेगळा येऊ शकतो. आंघोळीयोग्य पाण्यात प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा निकष आहे. सांडपाणी मिसळते तिथे तो पाळला जाणे अवघडच.

नवख्या स्वयंसेवकांची फसगत होते ती पक्ष्यांमुळे. उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांच्या शेकाट्यांचा थवा दिसला की नदी सुधारते आहे असे त्यांना वाटते. वास्तविक शेकाटे तिथे येतात ते गाळातल्या किड्या-अळ्यांसाठी, आणि सांडपाण्याच्या गाळात चिरोनोमिड माश्यांच्या लाल अळ्या भरपूर असतात. त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असल्यामुळे अत्यल्प प्राणवायूतही त्या तग धरतात. म्हणून पक्षी किती आले यापेक्षा ते काय खात आहेत, हे मी आधी पाहतो. याउलट दगड उलटल्यावर मेफ्लाय या कीटकाची पिल्ले सापडली, तर तिथल्या पाण्याला बरेच दिवस पुरेसा प्राणवायू मिळत आला आहे, असे मानायला आधार मिळतो. उपकरण केवळ त्या क्षणाचा आकडा देते.

भीतीचे म्हणाल तर पाण्यात पोहणारा साप बहुधा विरोळा असतो. तो बिनविषारी आहे, पण पकडू पाहणाऱ्याला कडकडून चावतो. काठावरच्या गवतात घोणस असू शकते, त्यामुळे काठीने गवत हलवत आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालूनच चालावे. मुंगूस स्वतःच पळ काढते.

मला स्वतःला सापांपेक्षा पाण्याचीच धास्ती अधिक वाटते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, तेव्हा हातापायांवर जखम असल्यास त्या दिवशी केवळ नोंदी लिहिण्याचे काम घ्यावे. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढल्याची सूचना आली, तर पात्रात उतरूच नये. बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो तेव्हा आपल्या नेहमीच्या जागाही बुडालेल्या असतात, आणि अशा वेळी तक्त्यातला रकाना रिकामा ठेवून शेजारी कारण लिहिणे हीच योग्य नोंद ठरते.