दुसरी दिवाळी

"गेले तर जाऊबाईंचे टोमणे, नाही गेले तर घर खायला उठतं. दिवाळीत माणसानं करायचं तरी काय, मॅडम?"

सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दसरा उलटला की थोड्याफार फरकानं हेच गाऱ्हाणं घेऊन बरेच जण माझ्याकडे समुपदेशनाला येतात. बाईंचे यजमान जाऊन दीड वर्ष झालेलं. मुलगा जर्मनीत, तिकडे दिवाळीची सुट्टी नाही, त्यामुळे व्हिडिओ कॉल त्याला सवड मिळेल तेव्हा. सगळं खटलं जमतं ते गावभागात, थोरल्या दिरांच्या वाड्यात.

पहिली दिवाळी त्यामानानं बरी गेली, असं त्या म्हणाल्या. मला नवल वाटलं नाही. वर्षाच्या आत सण करत नाहीत, म्हणून कुणी आग्रह करत नाही. फराळाचे डबे घरपोच येतात, डोळ्यांत पाणी आलं तर लोक समजून घेतात. वर्षश्राद्ध झालं की लोकांच्या लेखी दुःख आटोपलं. दुसरी दिवाळी म्हणूनच जड जाते.

आधी झोप, भूक आणि 'जगून काय करायचं' असे विचार येतात का, हे विचारून घेतलं. झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी, मोफत नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येतं. बाईंचं तसं काही नव्हतं.

"सगळ्यात नको वाटतो तो दिवस कुठला?"

बराच वेळ त्या गप्प. मग म्हणाल्या, "पाडवा."

वाड्यात पाडव्याला संध्याकाळी सगळ्या जावा-सुना नवऱ्याला ओवाळतात, तबकात काय पडलं यावरून चेष्टामस्करी चालते. यंदा तेवढा वेळ आपण स्वयंपाकघरात पुऱ्या तळत उभं राहायचं, हे बाईंच्या डोळ्यांसमोर येत होतं. टोमण्यांबद्दल तासभर बोलणाऱ्या बाईंनी हे मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या मते दिवाळीला जायचं की नाही हा प्रश्नच फार मोठा करून मांडला जातो. पाच दिवसांतला कुठला दिवस, किती तास, परत कुणाबरोबर यायचं, एवढं ठरवलं तरी पुष्कळ.

ठरलं ते असं: वाड्यावर फक्त भाऊबीजेला जायचं. दुपारचं जेवण झालं की पुतणी स्कूटरवर आणून सोडणार, हे तिला आधीच सांगून ठेवायचं. मुलाच्या कॉलची वेळ पक्की करायची.

टोमण्यांची मात्र तालीम करावी लागली. मी जाऊबाई झाले. "एकटीला एवढा फ्लॅट कशाला गं? विकून टाक आणि जा लेकाकडे!" बाई कर्जापासून जर्मनीतल्या थंडीपर्यंत सगळं समजावत बसल्या, आणि शेवटी इतक्या चिडल्या की पर्स उचलून निघालेल्या. मग दोघीही हसलो. जितका खुलासा जास्त, तितकं समोरच्याला धरायला सापडतं. आम्ही उत्तर छोटं केलं: "ठरलं की सांगेन." पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच, आवाज न चढवता.

पाडव्याच्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंना घेऊन त्या हरिपूरला गेल्या. कृष्णा-वारणेच्या संगमावर बसून, संगमेश्वराचं दर्शन घेऊन, भडंग खाऊन आल्या. रात्री रडू आलंच. ते येणार हे मी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे 'एवढं करूनही आपलं काही खरं नाही' असं त्यांना वाटलं नाही.

भाऊबीजेला जाऊबाईंनी फ्लॅटचा विषय काढलाच. "ठरलं की सांगेन" दोन-तीनदा म्हणावं लागलं. पाडव्याला आली नाही याचा राग वेगळा. तुळशीच्या लग्नापर्यंत त्यांचा फोन नव्हता. बाईंनीही केला नाही. लग्नाचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी किती वाजता एवढंच विचारलं, आणि पुतणीला फोन लावला.