शाळेतली छडी बंद झाल्यानं मुलं बिघडली का?

तुम्ही विचारलंय, "आम्ही मार खाऊनच शिकलो, आमचं काही वाईट झालं नाही. कोल्हापुरात तालमीत वस्ताद हाणतो म्हणून तर पैलवान तयार होतो. मग शाळेतली छडी का बंद केली?"

मी कोल्हापुरातच सव्वीस वर्षं सहावी-सातवीला गणित शिकवते. सुरुवातीची काही वर्षं मीही मारलंय, फूटपट्टीनं, तळहातावर. त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पालकच येऊन सांगायचे, "हाणा की बाई, आमचं काय म्हणणं न्हाई."

थांबले ती एका पोरामुळं. अपूर्णांकांची बेरीज चालली होती. तो वही घेऊन टेबलाशी आला, मी लाल फुली मारली आणि काही बोलायच्या आत त्यानं उजवा तळहात पुढं केला. डाव्या हातानं वही मिटतही होता. उत्तर चुकलं, हात दिला, फिटलं. त्या गणिताकडं पुन्हा बघायचं त्याला कारणच उरलं नव्हतं.

माझी पट्टी तशीच राहिली. "हे कसं केलंस ते सांग," म्हटलं. त्यानं १/४ आणि १/३ ची बेरीज २/७ लिहिली होती. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "बाई, एका चाचणीत १० पैकी ७, दुसरीत १० पैकी ८ पडले की तुम्ही २० पैकी १५ लिहिता. तसंच केलं." वरचे वर, खालचे खाली. माझ्याच गुणपत्रकातून उचललेली रीत! गुणांची बेरीज वेगळी आणि एकाच भाकरीच्या तुकड्यांची बेरीज वेगळी, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. फळ्यावर भाकरी काढली, तिचे बारा भाग केले, तेव्हा ३ आणि ४ मिळून ७/१२ त्याचं त्यानंच सांगितलं. वर्गात आणखी कितीतरी जणांची तीच चूक निघाली. आधीची सगळी वर्षं अशी किती कारणं मी मारून गप्प केली असतील, हे आजही मला छळतं.

आता तालमीचं. पोरगं तिथं हौसेनं जातं. ढाकेचा डाव चुकला तर वस्ताद त्याला पुन्हा मातीत उतरवतो, हात कुठं, पाय कुठं ते दाखवतो, शंभरदा करून घेतो. पैलवान घडतो तो त्यानं. नुसता मार देऊन कुणाला डाव आलाय का?

आणि "आमचं काही वाईट झालं नाही" हे जे टिकले ते सांगतात. माझे चुलते चौथीत मार खाऊन शाळेतून पळाले ते परत गेलेच नाहीत. त्यांना हा प्रश्न कोण विचारणार? शाहू महाराजांनी १९१७ मध्ये याच संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोर शाळेत आलं नाही तर महिन्याला १ रुपया दंड पालकाला होता. पोराला नव्हे.

कायदा स्पष्ट आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही, मानसिक छळही नाही. म्हणजे वर्गासमोर "ढ" म्हणून हिणवणंही त्यात येतं. मारणाऱ्या शिक्षकावर सेवा नियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते.

शिक्षकांची अडचण खोटी नाही, हेही सांगते. पन्नास-साठ पोरांचा वर्ग, त्यात शाळाबाह्य कामं, डोकं फिरतंच. पण त्याच कायद्यात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागं आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागं एक शिक्षक हवा असंही लिहिलंय. छडी गेली म्हणून सगळे हळहळतात, या आकड्यासाठी मात्र कुणी भांडत नाही.

तुमचं पोर शाळेत असेल, तर पुढच्या पालकसभेत "हाणा" म्हणू नका. वर्गात किती पोरं बसतात ते विचारा, आणि कमी करून मागा.