वाचकांचे प्रश्न : ट्रॅक लोडर गरम झाला की एका बाजूला ओढतो

प्रश्न : आमचा कॉम्पॅक्ट ट्रॅक लोडर (चाकांऐवजी ट्रॅकच्या पट्ट्यांवर चालणारं, पुढे बकेट असलेलं छोटं मशीन) सकाळी सरळ चालतो. दीड-दोन तास काम झालं की भरलेलं बकेट घेऊन उजवीकडे ओढतो. चढावर तर उजवा ट्रॅक थांबतोच. मेकॅनिक उजवी ड्राइव्ह मोटर (ऑइलच्या दाबावर ट्रॅक फिरवणारी हायड्रॉलिक मोटर) बदलायला सांगतोय. बदलू का?
– एक कंत्राटदार, उलवे

उत्तर : इतक्यात नको. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर ताकद नाही, म्हणजे ऑइल पातळ झाल्यावर आतल्या आत गळतंय, हा मेकॅनिकचा अंदाज बरोबर असू शकतो. पण ही गळती मोटरमध्ये असू शकते, तशीच तिला ऑइल ढकलणाऱ्या पंपातही असू शकते. दोन्ही ट्रॅकना वेगळा पंप आणि वेगळी मोटर असते. मोटरमधून आलेलं ऑइल टाकीत न जाता परत पंपातच जातं, आणि जेवढं गळतं तेवढं चार्ज पंप (टाकीतून ऑइल पुरवणारा छोटा पंप) भरून काढतो.

आधी ट्रॅक बघा. खाडीकाठचा चिकट काळा गाळ स्प्रॉकेट (ट्रॅक ओढणारं दातेरी चाक) आणि रोलरमध्ये भरून सुकला की तो ट्रॅक जड होतो. प्रेशर पंपाने धुऊन रोलर मोकळे फिरतात का, दोन्ही ट्रॅकचा ताण सारखा आहे का, ते तपासा. मग काम करून मशीन थांबवल्याबरोबर दोन्ही फायनल ड्राइव्हचं (मोटर आणि स्प्रॉकेटमधल्या गिअरबॉक्सचं) तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि ऑइलच्या दाबाने सुटतो. तो अर्धवट सुटत असेल तर उजवा गिअरबॉक्स डाव्यापेक्षा बराच तापलेला मिळेल.

इथे काही सापडलं नाही तर चार्ज प्रेशरच्या पोर्टला ० ते ६० बारचा गेज लावा. बऱ्याच मशीनमध्ये हे प्रेशर २० ते ३० बार असतं, पण मॅन्युअलमध्ये तुमच्या मॉडेलसाठी दिलेला आकडाच धरा. ऑइल गरम असताना आधी डावी बाजू लोडवर चालवा, मग उजवी. फक्त उजवी चालवताना काटा खाली येत असेल तर गळती उजव्या पंप-मोटरच्या जोडीतच आहे. दोन्ही वेळा कमी दाखवत असेल तर चार्ज पंप, त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) किंवा तुंबलेला फिल्टर बघा.

जोडीतलं नेमकं काय खराब, ते होस अदलाबदलीने कळतं. होस पुरत असतील तर पंपाकडच्या टोकाला डाव्या मोटरचे दोन मोठे होस उजव्या पंपाला आणि उजव्याचे डाव्याला जोडा. केस ड्रेन (मोटरच्या आत गळलेलं ऑइल टाकीकडे नेणारी लाइन) आणि ब्रेकच्या बारीक लाइनना हात लावू नका. मोकळ्या सपाट जागेवर हळू चालवा, कारण आता स्टिअरिंग उलटं चालेल. अशक्तपणा उजव्याच ट्रॅकमध्ये राहिला तर मोटर किंवा फायनल ड्राइव्ह खराब. डाव्या ट्रॅकमध्ये गेला तर पंप किंवा त्याचा कंट्रोल. जॉयस्टिक इलेक्ट्रॉनिक असेल तर होस सोडण्याआधी एरर कोड वाचून घ्या. होस सोडायच्या आधी आर्म खाली, इंजिन बंद, प्रेशर उतरवलेलं. आणि उघडी तोंडं लगेच कॅपने बंद. रेतीचा एक कणही पिस्टनवर ओरखडा काढतो.

प्रश्न : उजव्या फायनल ड्राइव्हचा प्लग उघडला तर ऑइल उसळून बाहेर आलं. कुणी जास्त भरलेलं नाही.
– एक ऑपरेटर, तुर्भे

उत्तर : मोटरचं शाफ्ट सील गेलंय आणि हायड्रॉलिक ऑइल गिअरबॉक्समध्ये शिरतंय. नुसतं सील बदलाल तर तेही जाईल. मोटरच्या केसमधलं गळीत ऑइल केस ड्रेन लाइनने टाकीकडे जातं. ती लाइन किंवा तिच्यातला लहान फिल्टर तुंबला की केसमध्ये दाब चढतो आणि सर्वात कमजोर जागा म्हणून सील फाटतं. या फिल्टरची जागा अनेकांना ठाऊकच नसते, म्हणून तो वर्षानुवर्षं बदलला जात नाही. तो कापून पाहा. पितळी चुरा दिसला तर पंप किंवा मोटर आतून झिजतेय. मग टाकी, कूलर आणि होस फ्लश केल्याशिवाय नवा पार्ट बसवू नका, नाहीतर जुना चुरा नव्या पार्टलाही खाईल. गिअरबॉक्समधलं पातळ झालेलं ऑइल पूर्ण काढून नवं भरा.

प्रश्न : पावसाळ्यानंतर पंप किंचाळतो, ऑइल दुधाळ दिसतं.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दुधाळ रंग पाण्याचा असतो, तसाच बारीक बुडबुड्यांचाही. बाटलीत नमुना घेऊन तासभर ठेवा. खालून वर स्वच्छ होत गेलं तर हवा आहे : टाकीची पातळी आणि सक्शन होसचे क्लॅम्प बघा. दुधाळच राहिलं तर पाणी. ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, टाकीचं झाकण आणि ब्रीदर (टाकीत हवा आत-बाहेर जाऊ देणारी जाळी) तपासा. बाहेरची गळती शोधताना पुठ्ठा वापरा, हात फिरवू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातली धार कातडीत शिरते. जखम टोचल्याइतकी दिसली तरी त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा, आणि आत हायड्रॉलिक ऑइल गेलंय हे डॉक्टरांना आधी सांगा.