गृहचौकशीत तुम्ही काय बोललात आणि कागदावर काय उतरले, हे आधी पाहा

ताई, दिवंगत बहिणीची नऊ वर्षांची मुलगी तीन महिन्यांपासून बालगृहात आहे, तुम्ही आणि तुमचे यजमान तिला सांभाळायला मनापासून तयार आहात, आणि तरीही बाल कल्याण समितीसमोर, म्हणजे अशा मुलांनी कुठे राहावे हे ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीसमोर, ‘मावशी सांभाळ करण्यास असमर्थ’ असे वाचून दाखवले गेले, हे तुम्ही लिहिलेले वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. सहा वर्षांपूर्वी नेमके हेच वाक्य, फक्त मावशीच्या जागी मामा एवढ्या फरकाने, मी ऐकले आहे. मी वकील नाही आणि सरकारी नोकरीतही नाही. दोंडाईच्याला मिरचीच्या एका आडतीवर हिशेब लिहितो. त्यामुळे पुढचे सगळे एका मामाचा अनुभव म्हणून वाचावे आणि कायद्याचा मुद्दा वकिलाकडून तपासून घ्यावा.

माझी बहीण गेली, मेहुणे सुरतेला कामाला गेले ते परतले नाहीत, आणि अकरा वर्षांचा भाचा एके दिवशी वडिलांना शोधायला म्हणून दोंडाईच्याला गाडीत बसला. गाडी उलट्या दिशेची होती, म्हणून तो भुसावळला उतरला. रेल्वे पोलिसांनी त्याला २४ तासांच्या आत समितीसमोर हजर केले आणि तेथून तो बालगृहात गेला. इथपर्यंत ज्याने त्याने आपले काम नीट केले, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

चूक माझ्या घरात, माझ्या तोंडून झाली. गृहचौकशीसाठी, म्हणजे मूल आमच्या घरी नीट राहील का हे पाहण्यासाठी, अधिकारी आले तेव्हा मिरचीचा हंगाम ऐन भरात होता, आई अर्धांगवायूने खाटेवर होती आणि घरावर पत्रे होते. त्यांनी विचारले, ‘घर कसे चालते?’ आपल्याकडे सरकारी माणूस दारात आला की आपण आपली अडचण सांगतो, किंबहुना थोडी वाढवूनच सांगतो, कारण रेशनकार्डापासून घरकुलापर्यंत आजवर जे काही मिळाले ते गरिबी सिद्ध केल्यावरच मिळाले आहे. मीही तसेच केले. आईचे औषधपाणी, स्वतःची दोन लेकरे, एकट्याचा पगार, ओढाताण फार आहे, हे सगळे सांगितले. मनात एवढेच होते की एखादी मदत मंजूर झाली तर पोराच्या शिक्षणाला होईल. ‘पण साहेब, पोराला आम्ही आणणारच’ हे वाक्य मी चहाचा कप त्यांच्या हातात देताना बोललो, आणि तोपर्यंत त्यांनी पेनाला टोपण लावलेले होते. अर्ज दुमडून सहीपुरती जागा माझ्यापुढे धरली गेली आणि मी आईच्या खाटेच्या कडेवर तो कागद टेकवून, न वाचता, सही केली.

त्या एका सहीने सात महिने घेतले. अधिकाऱ्यांनी खोटे काही लिहिले नव्हते. मी सांगितलेलेच लिहिले होते, मात्र निम्मे. माझी अडचण समितीपुढे माझी असमर्थता म्हणून गेली. म्हणून ताई, ‘अधिकाऱ्यांनी मुद्दाम केले’ असे तुम्ही लिहिले आहे, त्यावर लगेच विश्वास ठेवण्याआधी त्या दिवशी तुमच्या घरात नेमके काय बोलणे झाले ते यजमानांबरोबर बसून आठवा. तुमच्या सासूबाई काय बोलल्या तेही विचारा, कारण अहवालात घरातल्या मोठ्या माणसाचे बोलणे अनेकदा आधी उतरते.

बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे, आणि कुटुंबात ठेवता येत असेल तर आधी त्याचा विचार व्हावा हे तत्त्व त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. तेव्हा गरिबी लपवण्याची गरज नाही. ती सांभाळाच्या प्रश्नापासून वेगळी मांडावी लागते. समितीला लेखी अर्ज करून फेरगृहचौकशी मागा आणि त्यात साध्या गोष्टी लिहा: मुलगी कुठे झोपेल, शाळा घरापासून किती लांब आहे, दुपारी ती घरी येईल तेव्हा दार कोण उघडेल, ती आजारी पडली तर कोणत्या दवाखान्यात न्याल, महिन्याला घरात किती पैसे येतात. मदतीचे बोलणे वेगळ्या अर्जात करावे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत आता दरमहा २,२५० रुपये मिळतात, आमच्या वेळी रक्कम बरीच कमी होती. योजनेच्या त्या अर्जात ओढाताण अवश्य लिहा, तिची जागा तेथेच आहे.

मुलीच्या वडिलांनी तिला मारहाण केली होती, हे तुम्ही ओझरते लिहिले आहे. माझे मत कडक वाटेल, पण हे समितीपासून अजिबात लपवू नका. नात्याची अब्रू म्हणून ते झाकले आणि नंतर मुलीने स्वतः सांगितले, तर तुमच्या घरात ती सुरक्षित राहील यावर कोणी विश्वास का ठेवावा? वडील दारात आले तर तुम्ही काय कराल, हे अर्जातच लिहा. अशा प्रकरणात समिती सावकाश चालते, आणि ते मला योग्यच वाटते.

मात्र एका कार्यालयाबद्दल मला आजही राग आहे. त्याचे नाव मी घेणार नाही. समितीने भाच्याला जळगाव जिल्ह्यातून आमच्या धुळे जिल्ह्यात हलवण्यासाठी दोन जिल्ह्यांमध्ये पत्रव्यवहार करायला सांगितला होता. मी दर खेपेला हजेरी बुडवून, पहाटेच्या एसटीने जात असे, आणि दर खेपेला ‘तिकडून पत्र आले नाही’ एवढेच उत्तर मिळे. नवव्या खेपेला एका शिपायाने हळूच सांगितले की इकडूनच पत्र गेलेले नाही, ते जावक नोंदीशिवाय फाइलमध्ये पडून आहे. त्या काळात मी भेटीला गेलो की पोरगा माझ्या सदऱ्याची गुंडी मुठीत धरून एकच सांगे, ‘मामा, माले घर लई चाल’, म्हणजे मला घरी घेऊन चल. त्या मुठीचे आणि जावक वहीतल्या त्या कोऱ्या ओळीचे नाते त्या टेबलावरच्या माणसाला कोणीतरी समजावून सांगायला हवे होते. म्हणून ‘पत्र पाठवले’ असे कोणी म्हटले की जावक क्रमांक आणि तारीख तेथेच लिहून घ्या, आणि स्वतःच्या प्रत्येक अर्जावर शिक्क्यासह पोच घ्या.

समितीच्या आदेशाची प्रतही लेखी मागा, कारण त्यावर अपील करायचे तर मुदत ३० दिवसांची असते. वकिलासाठी पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना आणि मुलांना वकील मोफत मिळतो. आमचा दुसरा अर्ज तेथल्याच एका वकीलबाईंनी लिहून दिला होता, तोही पानभरच.

थोडे विषयाबाहेरचे, पण सांगतो: मुलीच्या जुन्या शाळेत जाऊन तिचे नाव पटावरून कमी झाले आहे का आणि सरलमधील, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन यादीतील, नोंद कोणत्या शाळेत आहे, हे आताच विचारून ठेवा. भाचा घरी आल्यावर आमचा जूनचा सगळा महिना त्यातच गेला.

पुढची तारीख कधी आहे ते तुम्ही लिहिलेले नाही. ती येथे लिहा, म्हणजे त्याआधी तुमच्या अर्जाचा मसुदा मी वाचून देईन. फक्त त्यात मुलीचे, तिच्या गावाचे किंवा बालगृहाचे नाव ठेवू नका.